मधलं खाऊ नको

आपलं बोलणं नकोसं झालं की जाधव सर डोळे मिटत. बस्स. जन्मापासून बहिरा माणूस. डोळे मिटल्यावर तुम्ही हात कितीही नाचवा, त्यांच्या लेखी तुम्ही खोलीतच नसता. परभणीच्या कॉलेजात आम्ही सांकेतिक भाषेचे दुभाषी व्हायला गेलो, तेव्हा पहिल्याच तासाला त्यांनी माझ्यावर डोळे मिटले. खुणा करताना मी चेहरा कोरा ठेवला होता, एवढाच गुन्हा. मग फळ्यावर लिहिलं, 'हिचा चेहरा मेला आहे.' वर्ग हसला. त्या दिवसापासून मी त्यांचा दुस्वास करत आले, आणि तो अजूनही कमी झालेला नाही.

शिकवायचे मात्र जीव तोडून. ते खुणांनी एखादा प्रसंग सांगत, आम्ही तो बोलून दाखवायचा. 'तो म्हणतो' असं नाही, 'मी' म्हणूनच बोलायचं. आमचं बोलणं मदतनीस मॅडम त्यांना लिहून दाखवत. शिवी आली की आम्ही ती गाळायचो, आणि सर टेबलावर हात आपटत. "मधलं खाऊ नको! भूक लागली असेल तर कँटीनमध्ये जा." त्यांच्या खुणांचं मराठी माझं, पण खोच त्यांचीच. एकीला त्यांनी रडू येईपर्यंत तीच शिवी पुन्हा पुन्हा बोलायला लावली. "लहानपणी माझं सगळं बोलणं माझ्या भावाने खाल्लं," असं एकदा म्हणाले. भावाचा राग आमच्यावर निघायचा.

त्यांची मुलगी शीतलही बहिरी. सोनपेठचं स्थळ तिला बघायला सेलूला, सरांच्या घरी येणार होतं. मुलगा ऐकणारा. मी सेलूचीच, म्हणून सरांनी मला दुभाषी म्हणून बोलावलं. बोलावलं कसलं, फर्मावलं.

पोहे झाले. मुलाचा मामा शेजारच्याला हसत म्हणाला, "बरंच हाय की! घरात बायकोचा आवाज न्हाई, लय सुख!"

मी ते जसंच्या तसं हातांनी सांगितलं. शीतलने पाहिलं. सरांनीही पाहिलं. शीतलने उत्तर दिलं आणि हात मांडीवर ठेवले.

सर घाईने माझ्याकडे वळले. "लाजली म्हण. बाकीचं खा."

मी मान हलवून नाही म्हटलं.

"खा! माझ्यामागे हिला कोण आहे?" मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण शीतल माझ्या ओठांकडे टक लावून बसली होती.

मी शीतलचं उत्तर बोलले, "मला हा मुलगा नको. मामा काय म्हणाले ते मला कळलंय. असल्या घरात मी येणार नाही."

मामा माझ्यावरच धावून आला. "तू कोन गं न्हाई म्हननारी? आमी पोरीला इचारायलोत!"

शीतल उठली आणि तिने दाराकडे बोट दाखवलं. त्या खुणेला दुभाषी लागला नाही.

पाहुणे गेल्यावर मी सरांकडे वळले, तर डोळे मिटलेले. कोर्स संपेपर्यंत ते माझ्यापुढे उघडले नाहीत. परीक्षेत माझी पाळी आली तेव्हा मॅडमना बसवून स्वतः बाहेर गेले.

परवा सेलूच्या स्टेशनवर बापलेक दिसले. शीतल आता एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर असते. मी नमस्कार केला. सरांनी मान वळवली आणि माझ्या पुढ्यातच तिला मोठमोठ्या खुणांनी काही सांगितलं. प्रत्येक खूण मला स्वच्छ दिसली. मग त्यांनी डोळे मिटले.

तरीही शीतल माझ्याकडे वळली. बापाचा रागीट चेहरा हुबेहूब लावून तिने सांगितलं, "मी तुला शिकवलं आणि तू माझ्यावरच उलटलीस. निमकहराम! पुन्हा तोंड दाखवू नकोस." मधलं काहीही खाल्लं नव्हतं.

मग चेहरा पुन्हा तिचा झाला. "काही उत्तर सांगू?"

"सांग," मी म्हटलं, "तुम्हीच शिकवलंत."

तिने सरांच्या खांद्यावर थाप मारली. त्यांनी डोळे उघडले नाहीत. तिने पुन्हा मारली. गाडी फलाटाला लागली तरी ती थापा मारतच होती.