दोन सारख्या याद्या

शाळेत त्यांना सगळे पत्तेवाल्या बाई म्हणायचे. आधी त्या गणित शिकवायच्या. गुडघ्यांनी दगा दिला, जिने चढवेनात, तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांना शेवटच्या वर्षातल्या मुलांना कॉलेजप्रवेशाचं मार्गदर्शन करायच्या कामावर बसवलं. आणि बसवलं कुठे, तर माझ्या लायब्ररीत, खिडकीजवळच्या एकुलत्या एका मोठ्या टेबलाशी. मी तिथली लायब्रेरियन, पण मला कुणी विचारलंसुद्धा नाही. टेबल गेल्याचा तो राग मी तीन वर्षं जपून ठेवला होता. पुढे जे झालं त्यात त्या रागाचाही हात आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

पत्ते म्हणजे पुठ्ठ्याचे तळहाताएवढे तुकडे. एका तुकड्यावर एक कॉलेज: काय शिकवतात, गेल्या वर्षी किती गुणांवर प्रवेश थांबला, घरापासून किती तास. प्रवेशाच्या फॉर्मवर कॉलेजं पसंतीच्या क्रमाने भरायची असतात. कॉम्प्युटर वरून खाली वाचत येतो आणि जिथे गुण पुरतात तिथे थांबतो. जे मिळालं ते घ्यायचं, खालच्या नावांशी तुमचा संबंध संपला. म्हणजे सगळा खेळ क्रमाचा.

बाईंची रीत ठरलेली होती. आधी मुलाने एकट्याने पत्ते लावायचे. मग ते न बघता आईवडिलांनी आपले लावायचे. मग दोन्ही रांगा समोरासमोर मांडायच्या आणि बाईंच्या देखत भांडायचं. "घरी भांडलात की दारं आपटता," त्या म्हणायच्या, "इथे आपटायला दारच नाही." खरंच नव्हतं, लायब्ररीला नुसतं शटर होतं, आणि त्या भांडणांनी माझं डोकं उठायचं. पण एका बापाला आपल्या मुलाला रक्ताची भीती वाटते हे त्या टेबलाशीच कळलं, तेही त्याला डॉक्टर करायला निघाल्यावर. भांडण मिटल्याशिवाय बाई फॉर्म लॉक करत नसत.

ही रीत त्यांनी एकदाच मोडली.

ती मुलगी बसड्रायव्हरची. आई ती लहान असतानाच गेलेली, घरात बापलेक दोघंच. हुशार पण तोंडात मूग धरून बसणारी. त्या आठवड्यात वडिलांना सुट्टी मिळेना, म्हणून त्यांनी आपला क्रम एका चिठ्ठीवर लिहून पाठवला, आणि तोही मुलीच्याच हाती. मुलीने पत्ते लावले. बाईंनी चिठ्ठी उघडली. दोन्ही याद्या तंतोतंत सारख्या! पहिलं नाव गावातल्याच कॉलेजचं, शिक्षिका होण्याचा अभ्यासक्रम. बाईंचा हर्ष पोटात मावेना. "तीन वर्षांत पहिल्यांदा बिनभांडणाचं घर आलं," असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं आणि तिथल्या तिथे फॉर्म लॉक करून टाकला.

मला तेव्हाच खटकलं होतं. त्या मुलीच्या कार्डावर खडकांचं एकच जाडजूड पुस्तक वर्षभरात सात वेळा चढलेलं होतं. पण मी म्हटलं, मला काय करायचंय? माझं टेबल विचारून घेतलं होतं का? बसू दे बाईंना खुशीत. आज आठवलं की माझी मलाच शरम वाटते.

फॉर्मची मुदत संपायच्या दिवशी दुपारी साडेतीनला ती पुस्तक परत करायला आली. परत करतानाही पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत उभी राहिली. मला राहवेना.

"हे शिकायला का जात नाहीस गं?" मी विचारलं.

ती रडायलाच लागली. बाईंनी चष्मा काढला. मग एकेक शब्द ओढून बाहेर काढावा लागला. बाबांची चिठ्ठी तिने येतानाच वाचली होती. ती पाहूनच तिने पत्ते लावले होते.

"बाबा एकटे पडतील," ती म्हणाली. "मला त्यांच्याशी भांडायचं नव्हतं."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "चिठ्ठी मी तुझ्या हातून घेतली," त्या म्हणाल्या. "आणि भांडण नाही म्हणून नाचले. अक्कल गहाण टाकली होती मी."

लॉक झालेला फॉर्म एकदाच उघडता येतो, पाच वाजेपर्यंत, आणि त्यासाठी पालकाच्या फोनवर नंबर येतो, तो टाकावा लागतो. ड्रायव्हर फोन डेपोतल्या लॉकरमध्ये ठेवून गाडी चालवायचा, तसा नियमच होता. चार चाळीसला त्याची फेरी डेपोत शिरणार होती. बाई उठल्या. वर्षभर खुर्ची न सोडणाऱ्या त्या बाई काठी विसरून दारापर्यंत गेल्या होत्या. मी काठी घेतली, पत्ते घेतले, लॅपटॉप घेतला, लायब्ररीला कुलूप ठोकलं. मुख्याध्यापकांना सांगायचं भानही राहिलं नाही.

टॅक्सीत मी माझी हुशारी पाजळली. "नुसता नंबर मागू या. फॉर्ममध्ये छोटी दुरुस्ती आहे म्हणू. बाकीचं नंतर निवांत सांगता येईल."

"लायब्ररीबाई," त्या माझ्यावर खेकसल्या, "एकदा त्या माणसाला वगळून फॉर्म भरला, आता दुसऱ्यांदा वगळू? तो नाही म्हणाला तर नाही. पण विचारणार त्याच्या तोंडावर."

"आणि खरंच नाही म्हणाला तर?"

त्यांनी माझ्या हातातले पत्ते ओढून घेतले आणि पिसायला लागल्या. मुलगी दोघींच्या मध्ये अंग चोरून बसली होती. सिग्नल काही सुटेना.

बस चार चाळीसला आली नाही. चार सत्तेचाळीसला आली. ड्रायव्हर खाली उतरला, मुलीला पाहिलं आणि जागीच थबकला. "काय झालं? लागलं का कुठे?"

"चूक झालीय, आणि ती माझी आहे," बाई म्हणाल्या. "आधी फोन घेऊन या. तेरा मिनिटं आहेत."

तो धावत फोन घेऊन आला. बाई रिकाम्या बसमध्ये कशाबशा चढल्या आणि लांब सीटवर पत्ते ठेवले. "लाव," त्यांनी मुलीला सांगितलं. "या वेळी तुझे."

तिला क्रम तोंडपाठ होता. पहिलं खडकांचं कॉलेज, सतरा तासांवरचं. दुसरं तेच शिकवणारं, चौदा तासांवर. तिसरं, चौथं, सगळी लांबची. गावातलं कॉलेज सगळ्यांत शेवटी.

ड्रायव्हर बघतच राहिला. "शेवटचं?" तो म्हणाला. मग आवाज चढला. "मग त्या दिवशी तोंड शिवलं होतं का तुझं? आणि बाई, तुम्ही? शिकलेली माणसं ना तुम्ही? मी चिठ्ठी पाठवली ती तुमच्या भरवशावर!"

"खरं आहे," बाई म्हणाल्या.

"मला बोलावून घ्यायचं. मी रजा टाकली असती. पगार कापला असता, कापू दे."

"खरं आहे," बाई पुन्हा म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या बाजूने एक शब्द काढला नाही, आणि त्या क्षणी माझा तीन वर्षांचा राग कुठल्या कुठे गेला.

चार बावन्न. मुलीने घाईने गावातला पत्ता उचलला. "बाबा, मी हे वर घेते. तिसरं करते. चालेल?"

ड्रायव्हर खाली बसला. मुलीकडे न बघता म्हणाला, "काय असतं एवढं त्या खडकांत?"

आणि ती मुखदुर्बळ पोर बोलायला लागली. डेपोमागच्या टेकडीला रस्त्यासाठी कापलंय, तिथे दगडांचे थर दिसतात, तांबडा, राखाडी, पुन्हा तांबडा. लहानपणी बाबांच्या बसच्या पहिल्या सीटवर बसून ती ते थर मोजायची. कुठला आधी आला असेल, मधल्या वेळी तिथे काय असेल, पाणी होतं की आग, हे तिला कुणीच सांगू शकलं नव्हतं. बोलताना तिला घड्याळाचंही भान नव्हतं. मला होतं. चार चोपन्न झाले होते आणि मी नखं खात होते.

"त्या रस्त्याने मी एकोणीस वर्षं गाडी चालवतोय," ड्रायव्हर म्हणाला. "मला थर दिसले नाहीत." त्याने तिच्या हातातला पत्ता काढून घेतला आणि पुन्हा शेवटी ठेवला. "इथेच असू दे. वर घेतलंस तर हेच मिळायचं. बाई, नंबर मागवा."

नंबर आला. त्याचा चष्मा पुढे स्टिअरिंगपाशी राहिलेला, त्याने डोळे बारीक करून आकडे वाचले, मी टाईप केले, ते चुकले. तोंडचं पाणी पळालं. दुसरा नंबर मागवला. या वेळी मुलीने फोन हातात घेऊन आकडे वाचले. फॉर्म उघडला. बाई नावं सांगत गेल्या, मी वरखाली हलवत गेले, ड्रायव्हर प्रत्येक नावाला पत्त्यावर बोट ठेवत गेला. शेवटचं बटण त्याने मुलीला दाबायला लावलं. चार अठ्ठावन्नला फॉर्म लॉक झाला.

मुलगी बापाच्या गळ्यात पडली. मग बाईंसाठी पाणी आणायला म्हणून ती खाली उतरून गेली.

ड्रायव्हर खिडकीतून तिच्याकडे बघत होता. "सतरा तास," तो म्हणाला. "पोचवायला मी जाणार. प्रवासी म्हणून जाणार, खिडकीजवळ बसून. ती दाखवेल ते सगळं बघत जाईन."

"जरूर जा," बाई म्हणाल्या.

"जाताना काही नाही हो बाई. ती असेल शेजारी, बोलत असेल." तो बाईंकडे वळला. "येताना काय करू?"

  बाई काठी टेकत त्याच्याशेजारच्या सीटवर जाऊन बसल्या आणि मुलगी पाणी घेऊन परत येईपर्यंत तिथून उठल्या नाहीत.