मोडेम आणि ऑपरेटरताई

अंबरनाथच्या आमच्या कारखान्यात युनिक्सचं एक मशीन, म्हणजे मोठा कॉम्प्युटर, होतं आणि ते मी सांभाळायचे. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. स्टॉकचा हिशेब फ्लॉपीवर भरून मुंबईच्या हेड ऑफिसला मीच नेऊन द्यायचे. एक दिवस साहेबांनी माझ्या टेबलावर मोडेम आणून ठेवला. "हे सगळं आता फोनवरून जाईल. उद्या मुंबईचा इंजिनियर येतोय, तो बसवेल. पुढे मशीनही तोच बघेल. तू बिलं टाइप कर."

माझं डोकंच फिरलं. "साहेब, आज संध्याकाळपर्यंत मला द्या. चालवून दाखवते." अख्खं ऑफिस ऐकत होतं, त्यामुळे माघार घ्यायची सोय उरली नाही.

मशीनवरून 'एटी' लिहून पाठवलं की मोडेमने 'ओके' म्हणायचं, ही पहिली परीक्षा. मोडेम मुकाच. मोडेमसोबत उल्हासनगरहून आणलेली केबल उघडून पाहिली, तर आतल्या दोन तारा उलट जोडलेल्या. त्या बदलल्या आणि पडद्यावर 'ओके' उमटलं. मी एकटीच खदखदून हसले.

पण पुढे गाडी अडली. नंबर लागायचा, मुंबईचा मोडेम उचलायचा, दोघांचं किंचाळणं सुरू व्हायचं आणि मध्येच सगळं तुटायचं. पडद्यावर 'नो कॅरियर'. वेग कमी केला, सेटिंग बदललं, तरी तेच. जेवणाचा डबा तसाच राहिला. अकाउंटंट म्हणाले, "कशाला जीव काढतेस? उद्या इंजिनियर येतोय ना!" मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते चहा घ्यायला निघून गेले.

शेवटी नक्की कुठे तुटतंय ते ऐकावं म्हणून मोडेमचा स्पीकर, जो एरवी थोड्या वेळात आपोआप बंद व्हायचा, तो पूर्ण वेळ चालू ठेवला. किंचाळणं सुरू झालं आणि त्यातूनच स्पष्ट आवाज आला, "हॅलो? हॅलो, कोण आहे लाइनवर?" मग खट्ट.

आवाज टेलिफोन बोर्डावरच्या आमच्या ऑपरेटरताईंचा. कारखान्याच्या दोन लाइनींपैकी एकच चालू होती. तिच्यावर कोणी घरच्या गप्पा मारत बसू नये म्हणून ताई अधूनमधून कान लावायच्या. मी तणतणत त्यांच्या बोर्डापाशी गेले.

"ताई, सकाळपासून तुम्ही माझा फोन कापताय!"

"फोन? अगं, नुसतं किंचाळत होतं ते! मला वाटलं लाइन खराब झाली, म्हणून दरवेळी तोडत होते."

"ते किंचाळणं म्हणजेच दोन मशीन बोलतायत!"

"मग आधी नाही का सांगायचं? जा, लाव परत. बघते कोण हात लावतो ते."

परत लावला. किंचाळणं झालं, थांबलं, आणि पडद्यावर मुंबईच्या मशीनने माझं लॉगिन विचारलं. इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. मी नाव टाकलं, पासवर्ड टाकला, फाईल सोडली. टक्के सरकू लागले तसं ऑफिस माझ्या खुर्चीमागे गोळा झालं. अकाउंटंटही आले.

साहेबांनी वाकून पडदा पाहिला, मान हलवली आणि केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं. त्यांनी रिसीव्हर उचलून ताईंना सांगितलं, "त्या इंजिनियरला लावा, उद्या येऊ नका म्हणावं."

बोर्डावरून ताईंचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "साहेब, जरा थांबावं लागेल. लाइनवर आमची फाईल चाललीय."