डोळे मिटून मागितलेलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. चर्चच्या पाळकांना नाही, नवऱ्याला नाही, पोटच्या लेकीलाही नाही. देवाला सांगितलं — पण त्याला ते आधीच ठाऊक होतं, म्हणून ते सांगणं मी धरत नाही.

शहापूरला आमच्या घरी दर शुक्रवारी बायांची प्रार्थना भरायची. गीतं मीच उचलायचे. मग शेजारच्या घरात सुनंदा सून म्हणून आली. तिचा आवाज असा, की माझ्याच सतरंजीवर बसून बाया म्हणू लागल्या, आज सुनंदा गाईल. मी हसून मान डोलवायचे — आणि आतून जळायचे. हो, जळायचे. दुसरा शब्द कशाला शोधू?

रोवणीच्या दिवसांत आम्ही दोघी एकाच बांधीत भात लावत होतो. दुपारी बांधीच्या कडेला धुऱ्यावर जेवायला बसलो आणि ती रडायलाच लागली. लग्नाआधी तिला एक मुलगी झाली होती. बपेऱ्याला, माहेरी, तिची आई त्या पोरीला स्वतःची म्हणून वाढवत होती. सासरी कुणाला पत्ता नव्हता. "पोटात ठेवजा जी काकू, अन् तिच्यासाठी प्रार्थना करजा," म्हणाली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून हो म्हटलं.

प्रार्थनेत आमचे सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात. एकीने मोठ्याने मागायचं, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. त्या शुक्रवारी मी मागितलं — प्रभू, सुनंदाच्या बपेऱ्याच्या लेकीला सांभाळ. सगळ्या आमेन म्हणाल्या. तिची सासूही म्हणाली. मग सासूने डोळे उघडले.

जीभ घसरली, असं मी सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं. प्रार्थनेत कुणी दावा साधतं का? पण ते वाक्य मी सकाळी तांदूळ निवडतानाच जुळवून ठेवलं होतं. तिची सासू येणार ना, हेही विचारून घेतलं होतं.

सुनंदाला तिच्या नवऱ्याने बपेऱ्याला नेऊन घातलं ते कायमचं. निघताना माझेच हात धरून म्हणाली, "तुमचा का दोष जी काकू? तुमी त माह्या लेकीसाठीच मांगून राहिल्या होत्या."

तेव्हापासून चर्चमध्ये प्रभुभोजन, ती भाकर आणि तो द्राक्षरस, मी कितीदा घेतलं! पाळक म्हणतात, स्वतःला तपासून घ्या — मी न तपासताच हात पुढे करते, नाही घेतलं तर बाया विचारतील म्हणून. घरी दार लावून गुडघे टेकते. दया कर, बापा, दया कर. डोळे मिटते — आणि मिटल्याबरोबर तेच वाक्य आठवतं. ज्या तोंडाने तिचं घर मोडलं त्याच तोंडाने काय मागू? बपेरा काही सातासमुद्रापार नाही, तुमसरहून बस जाते. मी एकदाही गेले नाही.

नाताळला तिचा फोन येतो. मुलगी आता नर्सिंग शिकते. "तुमची प्रार्थना लागली जी काकू," म्हणते. "अशीच करत राहजा."

मी हो म्हणते.