मुकादमाला गप्प बसवणाऱ्या आपा

रशीदा आपा नाडी बघायच्या आधी काडी ओढायच्या. पेशंट समोर बसला की माचिस उचलायची, काडी पेटवायची आणि त्याच्या तोंडापासून एक वीत लांब धरायची. "मुँह खुला रख के फूँको. होंठ मिलाना नक्को." ओठांचा चंबू करून कुणीही विझवतं. तोंड उघडं ठेवून विझवायची तर छातीत हवा लागते, आणि दम्याच्या माणसाकडं तीच नसते. फुंकायचं मशीनही होतं त्यांच्या दवाखान्यात. पण आपा म्हणायच्या, मशीन मला सांगतं, काडी पेशंटला सांगते.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तीनदा फुंकलं. ज्योत नुसती मान हलवायची आणि परत सरळ व्हायची. काडी जळत जळत आपांच्या बोटापर्यंत आली, तरी त्यांनी टाकली नाही. तेव्हा माझं लक्ष गेलं. अंगठा आणि पहिलं बोट, दोन्हीची टोकं काळी पडलेली. काडी आपली आपण विझली, मग त्या म्हणाल्या, "मेरी उँगलियाँ बचाना अब तुमारा काम है, गयाबाई."

आम्ही नांदेडकडचे. आमचे हे प्लास्टरचे मिस्त्री आणि मी त्यांच्या हाताखाली माल कालवणारी. त्या वर्षांत हैदराबादेत जिकडं बघावं तिकडं जुने बंगले पाडून फ्लॅट उभे राहायले होते. चिक्कडपल्लीत आमच्या खोलीच्या चारी बाजूंनी कामं. मी वाळू चाळायची, सिमेंटच्या गोण्या रिकाम्या करून झटकायची. दोन लेकरं लहानपणीच गेली होती. एक सुमन राहिली, तिच्यासाठी कामाला जायचं. रडत बसायला सवड नव्हती. मग एके दिवशी खोलीत मांजराचं पिल्लू शिरल्यासारखा आवाज यायला लागला. मी माच्याखाली बघितलं, डब्यांमागं बघितलं. मांजर माझ्या छातीत होतं.

आपांनी पंप दिला, सकाळ-संध्याकाळ ओढायचा. आमच्या गल्लीत पंप लागला म्हणजे माणूस संपत आला असं समजायचे, म्हणून मी तो तांदळाच्या डब्यात लपवायची. आपांना कळलं तर म्हणाल्या, "चश्मा लगाने कू शरम नहीं, पंप कू कायकू शरम?" त्यांना मराठी समजायचं सगळं, बोलायच्या मात्र दखनीतच.

त्या तेव्हा दम्यावर काहीतरी मोठं लिहीत होत्या. मला विचारून माझा कफ तपासायला घ्यायच्या. मी म्हणलं, आपा, आजवर आमच्याकडून कुणी काही मागितलं नव्हतं, तुम्ही मागितलं ते हे. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसला.

असंच एकदा मी दाराबाहेर बाकावर बसले होते. आत एक तरुण डॉक्टर कागद वाचून दाखवत होता. सगळं इंग्रजी. त्यात माझं नाव आलं आणि मग ग्रोथ, परत ग्रोथ, आणि आपांचा आवाज, "हौ, इसमें तो बहुत है." मी चौथीपर्यंत शिकलेली, पण ग्रोथ मला माहीत होता. आमच्या गल्लीत इस्त्री करणारी यादम्मा होती. तिला मोठ्या दवाखान्यात पोटात ग्रोथ आहे म्हणून सांगितलं आणि दसऱ्याला ती नव्हती. ग्रोथ म्हणजे ती गाठ, जिच्यातून कुणी परत येत नाही. मी बाकावरून उठले आणि काडी न फुंकताच घरी आले.

कुणाला बोलले नाही. पंप बंद केला, जाणाऱ्या माणसावर औषध कशाला खर्ची घालायचं. नाकातली नथ सुमनच्या पेटीत ठेवली. आणि ह्यांना भाकरी शिकवायला बसवलं. मी गेल्यावर खातील काय, ही एकच काळजी होती. ह्यांनी पीठ असं मळलं जसा माल कालवायचा आणि भाकरी थापली ती चौकोनी. काठ अगदी गुण्या लावून काटकोनात घेतल्यासारखे. वरून पाण्याचा हात मात्र झकास फिरवला, तो भिंतीवरचाच होता. मी म्हणलं गोल करा. हे म्हणाले, "कोपरे नीट आलेत की. आणि हे एकदम कशाला शिकवायलीस? कुठं जायलीस?" मी म्हणलं गावाला. कोणत्या, ते सांगितलं नाही.

पंधरा दिवसांत छाती इतकी आवळली की बसूनच राहावं लागायचं. आणि एका दुपारी दारात ऑटो थांबला. आपा उतरल्या, पांढरा कोट हातावर टाकलेला. सगळ्या गल्ल्यांतून मिस्त्रीचं घर विचारत आल्या होत्या. दारातच काडी पेटवली. मी फुंकलं, ज्योत हललीसुद्धा नाही. काडी त्यांच्या बोटापर्यंत जळाली.

"दवा बंद करे ना?"

मी म्हणलं, "आपा, मला ग्रोथ आहे ते मी ऐकलंय. आता कशाला उगाच?"

पीठ मळता मळता हे तसेच थांबले. आपा माझ्याकडं बघतच राहिल्या. मग उंबऱ्यावर बसल्या आणि हसायला लागल्या. माझं तोंड बघून हसू थांबलं, माझा हात धरला. "गलती मेरी है बाई. दरवाज़ा बंद करना था."

मग त्यांनी समजावलं. ही गाठ नाही. छातीत नळ्या असतात, धुळीनं त्या आतून सोलवटतात. शरीर आपलं आपण दुरुस्ती करतं. त्यासाठी आत एक हुकूम सुटतो, भर, वाढव. त्या हुकुमालाच इंग्रजीत ग्रोथ फॅक्टर म्हणतात. दम्यात तो हुकूम थांबतच नाही, नळीची भिंत जाड होत जाते आणि वाट अरुंद. मला अर्धंच कळलं. हे मात्र पिठाच्या हातानं पुढं आले.

"म्हणजे मुकादम येडा आहे," हे म्हणाले. "मुकादम खालून माल लगाव, माल लगाव करत राहिला तर मिस्त्री थरावर थर चढवतो. खोलीची मोरी होते."

आपा उंबऱ्यावरून पुढं सरकल्या. मग विचारलं, "फिर क्या करना, मिस्त्री?"

"मुकादमाला गप्प बसवायचं. रोज. एक दिवस सोडला की परत वरडतो."

"और जो लग गया सो?"

"वाळलेलं प्लास्टर तसं निघत नसतंय, आपा. पण पुढचा थर थांबला तर राहिलेली जागा आपली."

आपांनी पंप माझ्या हातात दिला. म्हणाल्या, मी दहा पानं लिहिली, तुमच्या मिस्त्रीनं दोन ओळींत सांगितलं. आणि त्या दिवशी चौकोनी भाकरी ठेच्याशी लावून खाऊनच गेल्या.

तेव्हापासून त्यांच्या दवाखान्यात प्रत्येकाला मुकादम सांगितला जायचा. "साँस अच्छी है बोल के पंप छोड़ना नक्को. मुकादम सोया नहीं, चुप बैठा है." सिकंदराबादचा एक रेल्वेवाला घाबरून मला विचारायला आला, कोणता मुकादम, तक्रार कुणाकडं करायची? तोवर मी तिथंच कामाला लागले होते. आपांनी माझं सिमेंट सोडवलं आणि आया म्हणून ठेवून घेतलं. मराठी पेशंटला मुकादम मीच सांगायची. मोठ्या डॉक्टरांच्या सभेत आपा इंग्रजीत बोलायच्या, पण मुकादम म्हणायच्या तो मुकादमच, असं तो तरुण डॉक्टर सांगायचा.

दवाखाना बंद करताना मी त्यांच्या बोटांना खोबरेल लावायची. म्हणायची, आपा, काडी चिमट्यात धरा. त्या म्हणायच्या, "चिमटा देखे तो पेशंट आराम से फूँकता. मेरी उँगली देख के ज़ोर लगाता." मी स्वतः काडी विझवायला शिकले, पण एकच वीत. दोन वितींवर मला कधी जमलं नाही. ह्यांनी सांगितलंच होतं, लागलेला माल लागलेलाच राहतो.

पुढं गुडघ्यांनी आपांना घरी बसवलं. सुलतान बाजारच्या मागं बहिणीकडं राहायच्या. आमचे हे तोवर गेले होते. शेवटी शेवटी चौकोनी भाकरी तेच करायचे, मी खायची. एका ईदला मी आपांना भेटायला गेले. त्यांना ओळख पटायला वेळ लागला. मी त्यांचा हात हातात घेतला तर बोटं पांढरी, स्वच्छ. एक डाग नाही. मला ते बघवलं नाही.

मी पिशवीतून माचिस काढली. तेव्हा ओळखलं त्यांनी. "मुकादम कैसा है?" म्हणाल्या. म्हणलं, गप्प आहे. त्यांना ओढायला जमेना म्हणून काडी मी पेटवून दिली, धरली त्यांनीच, बरोबर एक वीत. मी तोंड उघडं ठेवून फुंकलं. ज्योत वाकली, परत उभी राहिली. मी पुन्हा फुंकलं. अर्धी काडी शिल्लक असतानाच विझली.

आपांनी ती अर्धी काडी डोळ्यांजवळ नेऊन बघितली आणि परत माचिसमध्ये ठेवली. त्याच वर्षी थंडीत त्या गेल्या. पंप मी आजही सकाळ-संध्याकाळ ओढते. आणि आपांची आठवण आली की मला एवढंच बरं वाटतं, त्या दिवशी त्यांचं बोट भाजलं नाही.