व्याह्यांच्या खिडक्या

कमी वस्तूंत सुख असतं असं सांगणारी माणसं मला आयुष्यात पुष्कळ भेटली. पण दिसेल त्यातून काहीतरी काढून टाकल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. अंबडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, त्यांची सगळी नोकरी झाली. लोखंडाचा नको तेवढा भाग तासून काढायचा, हे तिथलं काम. निवृत्तीनंतर लोखंड सुटलं, तासणं काही सुटलं नाही. रविवारी आम्ही दोघं मिसळ खायला जायचो. ते वेटरला आधी पापड नको म्हणायचे, मग दही, मग जिलेबी, मग फरसाण. शेवटी त्यांच्यापुढे नुसती मटकीची उसळ आणि पाव यायचे आणि ते खाऊन झाल्यावर "मिसळ छान होती" म्हणायचे. आमच्या मुलांच्या लग्नाची पत्रिका त्यांनीच छापून आणली. तिच्यात दोन नावं, आईवडील, दिवस, वेळ आणि कार्यालय याखेरीज अक्षर नव्हतं. माझ्या आत्याने ती मतदानाची चिठ्ठी समजून आधारकार्डाबरोबर जपून ठेवली आणि लग्नाला आलीच नाही. विहीणबाई मला म्हणाल्या, "माझं नाव राहिलं हेच नशीब समजा."

पण या सगळ्यावर कडी होती ती त्यांच्या कॉम्प्युटरची. मुलगी बघायला आम्ही त्यांच्या सिडकोतल्या घरी गेलो, तेव्हा हॉलमध्ये एक जुना कॉम्प्युटर होता आणि त्याचा पडदा काळाकुट्ट होता. बोलायला विषय हवा म्हणून मी विचारलं, "बिघडलाय का?"

"नाही. चालू आहे," ते म्हणाले. "सध्या काम नाही, म्हणून रिकामा आहे."

त्यानंतर मुलीचं शिक्षण बाजूला राहिलं आणि मला विंडो मॅनेजर म्हणजे काय ते ऐकावं लागलं. कॉम्प्युटरवर आपण जे उघडतो त्याच्या खिडक्या कुठे मांडायच्या, केवढ्या करायच्या, हे ठरवणारा एक प्रोग्राम असतो, तो विंडो मॅनेजर. तुमच्याआमच्याकडचा सोबत चित्रं, बटणं, घड्याळ, सूचना असा संसार घेऊन येतो. व्याह्यांनी जो शोधून काढला होता त्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं. एक खिडकी उघडली की ती पडदाभर पसरायची. दुसरी उघडली की दोघी निम्मा निम्मा पडदा वाटून घ्यायच्या. एकीवर दुसरी चढायची नाही. खिडकी बंद करायला कोपऱ्यात फुलीसुद्धा नव्हती. सगळं कीबोर्डवरच्या दोन-दोन, तीन-तीन बटणांनी. "मॅनेजरने काम करावं, मिरवू नये," हे त्यांचं मत. माउस त्यांनी खोक्यात घालून माळ्यावर टाकला होता. पहिल्या दिवाळसणाला आमच्या चिरंजीवांनी सासऱ्यांकडे माउस मागितला, तेव्हा फराळ थांबवून शिडी आणावी लागली.

माझी पत्नी शैला या प्रकाराची मनापासून चेष्टा करायची. ती मराठीची शिक्षिका. निवृत्तीनंतर इथल्या एका साप्ताहिकासाठी दर आठवड्याला शब्दकोडं तयार करायची, अकरा वर्षं, एकदाही न चुकता. ते कॉम्प्युटरवरच चालायचं आणि तिच्या पडद्यावर नातवाचे फोटो, पंचांग, भाजीची यादी असं सगळं एकावर एक पडलेलं असायचं. व्याही आले की त्यांना ते बघवायचं नाही. "ताई, एकदा आमचं बसवून बघा." "नको," शैला म्हणायची. "तुमच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं की वीज गेल्यासारखं वाटतं."

दोन वर्षांपूर्वी, एका सकाळी चहा गाळताना शैलाच्या हातातून पातेलं सुटलं. अर्धांगवायूचा झटका होता. तीन आठवड्यांनी ती घरी आली. बोलणं सुधारलं, काठी घेऊन चालताही यायला लागलं, पण उजवा हात मांडीवर ठेवला तर ठेवलेलाच राहायचा. साप्ताहिकवाल्यांनी तिची जुनी कोडी पुन्हा छापायला सुरुवात केली. एका वाचकाने घरी फोन करून सांगितलं, "बाई, हे कोडं मी मागेच सोडवलंय." फोन स्पीकरवर होता. शैलाने ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तिने मला कॉम्प्युटरवर चादर टाकायला सांगितली.

भेटायला माणसं येत होती. शहाळी आणत होती, धीर देत होती, कुणाकुणाचा हात कसा परत आला ते सांगत होती. व्याही आले, खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि गेले. तब्येत कशी आहे एवढंही विचारलं नाही. मला राग आला. चार दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत व्हर्निअर कॅलिपर होता. टूलरूममध्ये जाडी-लांबी मोजायला असतो तो.

"ताई, डावा हात टेबलावर ठेवा," ते म्हणाले. "बोटं ताणू नका. सहज जातील तेवढीच."

त्यांनी अंगठ्यापासून करंगळीपर्यंतचं अंतर मोजलं, मग प्रत्येक बोटाची पोच मोजली आणि डायरीत लिहून घेतली. शैला आधी थक्क होऊन बघत राहिली आणि मग हसायला लागली. आजारपणानंतरचं ते तिचं पहिलं हसू. "अहो, मला काय साच्यात घालताय?" तिने विचारलं. "नाही. साचा तुमच्या मापाचा करतोय," ते म्हणाले आणि चादर काढून कामाला लागले.

आठ दिवस ते रोज बसने सिडकोहून गंगापूर रोडला येत होते. नातवाच्या फोटोंसकट सगळा पसारा त्यांनी एका फोल्डरमध्ये नेऊन ठेवला आणि पडद्याचे दोनच भाग केले. डावीकडे कोड्याचे चौकोन, उजवीकडे शब्दकोश. खिडकी हलायची नाही, हरवायची नाही, माउसने पकडायला लागायची नाही. सगळ्या आज्ञा कीबोर्डच्या डाव्या बाजूला आणल्या. उजव्या बाजूची अक्षरं राहिली होती. त्यासाठी अंगठ्याने स्पेसचं बटण दाबून धरलं की ती डाव्या बाजूला यावीत अशी सोय केली. शैला चिडायची, चुकायची, एकदा तर "मला नाही जमणार, तुम्ही जा" म्हणाली. ते गेले. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी आले आणि "काल जिथे थांबलो होतो तिथून" म्हणून सुरुवात केली.

पूर्वी दोन दिवसांत होणारं कोडं त्या वेळी एकोणीस दिवसांत झालं. त्यात 'सुनेचे वडील' अशी दोन अक्षरांची एक जागा होती. छापून आल्यावर व्याह्यांनी ते सोडवून आणून दाखवलं. सगळं बरोबर होतं, फक्त ती दोन घरं रिकामी होती. शैलाने कारण विचारलं तर म्हणाले, "तेवढं सोडून बाकी जमलं."

गेल्या वर्षी विहीणबाईंनी नातवाजवळ राहायचं ठरवलं आणि दोघं बंगळुरूला लेक-जावयाकडे गेले. सिडकोचं घर आवरायला त्यांना एक सकाळ पुरली. रविवारची मिसळ मी आता एकटा खातो. शैलाची कोडी चालू आहेत. आठवड्याला एक होत नाही, महिन्याला दोन होतात.

मागच्या आठवड्यात तिचं अनामिकेचं पेर दुखायला लागलं, तेव्हा एक बटण बदलून घ्यायला मी बंगळुरूला फोन लावला. त्यांनी सेटिंगची फाइल कशी उघडायची ते सांगितलं. मी ती पहिल्यांदाच बघत होतो. "ज्या ओळींच्या सुरुवातीला जाळीसारखी खूण आहे, त्या सोडून द्या," ते म्हणाले. "त्या मशीन वाचत नाही. माणसाने आपल्यासाठी लिहून ठेवायच्या असतात."

मशीन वाचत नसलं तरी मी वाचल्या. मराठीत होत्या. 'ताईंची करंगळी इथवर पोचत नाही.' 'हे बटण दाबताना त्यांना दम लागतो, बदलले.' 'आज स्वतःहून दोन शब्द केले.' 'आज रडल्या. वेग कमी केला.' अशा कितीतरी ओळी होत्या. सगळ्यात खाली, एक ओळ मोकळी सोडून लिहिलं होतं, 'उजवा हात आला की वरचे सर्व काढून टाकणे.'

मी खुर्ची सरकवून शैलाला पडद्यासमोर जागा करून दिली. तिने सावकाश खालपर्यंत वाचलं. उजवा हात मांडीवर होता, तो तिने डाव्या हाताने थोडा जवळ ओढून घेतला.

"सापडली का ओळ?" फोनमधून व्याह्यांनी विचारलं.

"सापडली," मी म्हणालो.

"मग तेवढीच बदला. बाकी कशाला हात लावू नका."

"नाही लावत," मी म्हणालो.