फिकट गुलाबी, त्याच्या एक थेंब आधी

फोन आला तेव्हा त्या दिवसाच्या यादीत माझी सात कामं होती. तिसरं होतं, अकोल्याला देवकाताईंना भेटणं. त्यांची सून म्हणाली, ताई सकाळी गेल्या. पाच आठवडे झाले, ते तिसरं काम मी खोडलेलं नाही...

ताई एका कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेत सहायक होत्या. निवृत्तीनंतर महिन्यातून दोनदा एसटीनं अमरावतीला, माझ्या संत्रा सरबताच्या छोट्या कारखान्यात यायच्या. सरबताचा आंबटपणा मोजायला त्यांनीच शिकवलं. मोजून घेतलेलं सरबत पाण्यात पातळ करायचं, त्यात दर्शकाचे दोन थेंब टाकायचे आणि वरच्या काचनळीतून कॉस्टिक सोड्याचं द्रावण थेंबथेंब सोडायचं. फिकट गुलाबी झाक आली आणि चंबू हलवूनही टिकली, की तोटी बंद. द्रावण जितकं जास्त लागेल, तितकं सरबत आंबट.

अचलपूरच्या पहिल्या ऑर्डरला टाकी तयार होती, गाडी दारात होती. आंबटपणा कमी भरला तर सरबत टिकणार नव्हतं. घाईत माझ्या हातून थेंबाऐवजी धार सुटली. रंग गडद झाला, आकडा मात्र हवा तेवढा आला. मी तो लिहायला घेतला, तर ताईंनी पेनच धरला.

"हे सरबताचं आंबट नाही, तुह्या घाईचं हाय. फेक."

पुन्हा दोनदा मोजलं. दोन्ही वेळा कमी. मग टाकीत सायट्रिक अॅसिड घातलं, ढवळलं, परत मोजलं. गाडी संध्याकाळी निघाली. तोवर कुरकुरणाऱ्या ड्रायव्हरला ताईंनी ते कमी आंबट सरबतच तीन ग्लास पाजलं होतं.

पुढे त्यांना मोतीबिंदू झाला. तोटी माझ्या हाती देऊन त्या समोरच्या स्टुलावर बसत, आणि तरी 'थांब' अचूक म्हणत. हे कसं जमतं, याचं मला फार कुतूहल. शेवटच्या भेटीत विचारलंच, की ताई, तुम्हाला झाक दिसते तरी कशी?

"मले कुठं दिसते, माय? मी तुहा दम ऐकतो. रंग याच्या आंधी तू श्वास धरतं."

रंग येण्याआधी मी श्वास धरते, हे इतक्या वर्षांत मला ठाऊकच नव्हतं. नंतर एकटीनं मोजताना लक्ष ठेवून पाहिलं. पण लक्ष ठेवलं की श्वास आपला नेहमीसारखाच चालतो.

गेल्या सोमवारी तोटी आमच्या सुनंदाच्या हाती दिली. ती सहा महिन्यांपासून बाटल्या भरते, मोजणं नवीन. मी ताईंच्या स्टुलावर बसले, डोळे मिटले. वर पंखा, खाली थेंब... बराच वेळ तेवढंच. मग सुनंदाचा श्वास थांबला.

"थांब," मी म्हणाले.

डोळे उघडले. झाक अजून टिकत नव्हती. एक थेंब बाकी होता.