टाचेची खूण

मंडळी, आज मान खाली घालून लिहून राहिलो.

सायकलला लॅपटॉपची बॅग लावायची म्हणून गेल्या आठवड्यात सीट-कव्हर शिवणाऱ्या चाचांकडे गेलो. त्यांनी मला पायडल मारायला लावलं आणि टाच जिथवर येते तिथं कॅरियरवर खडूनं खूण केली. मला हसू आलं. "शिवा" म्हणालो आणि घरी येऊन ऑनलाइन बॅग मागवली. चाचांना कळवलंही नाही.

आज विष्णुपुरीला जाताना दर पायडलला टाच बॅगेवर आपटत होती. दुकानासमोर चाचांनीच थांबवलं. त्यांनी बॅग खुणेच्या मागं सरकवून घट्ट बांधली.

आत खुंटीवर माझ्या मापाची बॅग शिवून तयार होती.

"चाचा, ती…"

"असू द्या सर. ही फाटली की न्या."

उद्याही रस्ता तोच हाय. कोणत्या तोंडानं जाऊ?